टाकीवरचं यंत्र आठवड्यात का मान टाकतं आणि आठ कोअरचा फोन दिवसभर कसा टिकतो

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने मांजलपूरच्या आपल्या सोसायटीसाठी गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजणारं यंत्र केलं आहे. ईएसपी३२ (वाय-फाय असलेली प्रोसेसर चिप) चा तयार बोर्ड, एचसी-एसआर०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, २६०० मिलिअँप-अवरचा एक १८६५० सेल, आणि सेलचं व्होल्टेज पाचपर्यंत चढवणारं एक छोटं मॉड्यूल. दर पाच मिनिटांनी यंत्र मोजतं, वाय-फायवरून पाठवतं आणि डीप स्लीपमध्ये जातं. डेटाशीटमध्ये झोपेतला करंट १० मायक्रोअँप लिहिलाय, तरी सेल आठवड्यात रिकामा. त्याचं म्हणणं: "काका, प्रोसेसर बदलू का? आर्म की रिस्क-फाइव्ह, कोणतं आर्किटेक्चर कमी बॅटरी खातं? आणि फोनमध्ये आठ कोअर असून तो दिवसभर कसा चालतो?"

प्रोसेसर बदलू नकोस, निदान आत्ता तरी. तुझं सध्या आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं चाललंय. आधी हिशेब मांडू, मग आर्किटेक्चरकडे येऊ, कारण हिशेब मांडल्याशिवाय आर्किटेक्चरचा प्रश्न नीट विचारताच येत नाही.

बोर्ड नीट निरखून बघ. यूएसबीच्या सॉकेटजवळ तीन पायांचा काळा रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग) असेल, बहुतेक त्यावर १११७ लिहिलेलं असेल. एएमएस१११७ हा बाजारात सगळीकडे मिळणारा स्वस्त भाग आहे आणि काही काम नसतानाही तो स्वतःसाठी साधारण ५ मिलिअँप घेतो. बोर्डवरचा लाल दिवा आणखी एक-सव्वा मिलिअँप. सेन्सर रिकामा बसून दोनेक. म्हणजे चिप गाढ झोपली असताना भोवतालची मंडळी आठ मिलिअँप खात बसलीत. त्यात वाय-फाय मिळव: जोडणी व्हायला आणि पाठवायला चार सेकंद धर, सरासरी १२० मिलिअँप धर, ते ३०० सेकंदांवर पसरलं की १.६ मिलिअँप. एकूण झाले दहा. पण हे दहा पाच व्होल्टच्या बाजूचे. सेल ३.७ व्होल्टचा, मॉड्यूलची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून सोळा मिलिअँप जातात. २६०० भागिले १६, म्हणजे १६२ तास. सात दिवससुद्धा भरत नाहीत. तुझं यंत्र बिघडलेलं नाही, गणिताप्रमाणे चोख चालतंय.

या दहा मिलिअँपमध्ये झोपलेल्या ईएसपी३२ चा वाटा ०.०१ आहे, हजारातला एक. तिथे जगातला सगळ्यात काटकसरी प्रोसेसर आणून बसवलास तरी दात कोरून पोट भरण्यासारखंच. शिवाय ३.७ चे पाच करायचे आणि लगेच लिनियर रेग्युलेटरने त्याचे ३.३ करायचे, यात दर वेळी एक तृतीयांश वीज नुसती उष्णता म्हणून जाते.

तेव्हा पहिलं काम: पाच व्होल्ट काढून टाक. अल्ट्रासॉनिक सेन्सरची ३.३ व्होल्टवर चालणारी आवृत्ती मिळते. ती घे, जमल्यास वॉटरप्रूफ, कारण साध्या एचसी-एसआर०४ च्या जाळीवर टाकीतली वाफ बसली की तो वाटेल ते आकडे देऊ लागतो. सेन्सरची वीज एका पी-चॅनेल मॉसफेटमधून (चिपच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचमधून) दे आणि मोजण्यापुरतीच चालू कर. रेग्युलेटर असा घे की स्वतःसाठी काही मायक्रोअँपच घेईल, पण निदान ५०० मिलिअँप देऊ शकेल. वाय-फायचा झटका आला की कमी ताकदीच्या रेग्युलेटरचं व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट होते, परत जोडायला बघते, परत रीसेट. अशा फेऱ्यात सापडलेला बोर्ड एका रात्रीत सेल संपवतो.

दुसरं काम वाय-फायचं. चार सेकंद जातात कुठे? चॅनेल शोधण्यात, राउटरशी ओळखपाळख करण्यात आणि आयपी पत्ता मागण्यात. चॅनेल क्रमांक आणि राउटरचा पत्ता आरटीसी मेमरीत जपून ठेव (ती झोपेतही पुसली जात नाही), आयपी पक्का ठरवून दे, आणि हे सगळं सेकंदाच्या आसपास येतं. आणि पाणी हललंच नसेल तर पाठवतोस कशाला? मोज पाच मिनिटांनी, पण पातळी दोन सेंटिमीटरहून जास्त बदलली तरच पाठव. यंत्र जिवंत आहे हे कळायला तासातून एक निरोप पुरे. एवढ्यावर सरासरी ०.१५ ते ०.२ मिलिअँपच्या घरात येशील, आणि तोच सेल, तोच प्रोसेसर दीड वर्षाच्या आसपास चालेल.

आता आर्किटेक्चर.

चिपमधलं स्विचिंग किती वीज खातं याचं सूत्र तुला पाठ असेल: कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रीक्वेन्सी. परीक्षेत सगळे लिहितात, पण त्यातून निघणारी गोष्ट पुष्कळांच्या हाताला लागत नाही. सूत्र पॉवरचं आहे, बॅटरी संपते ती एनर्जीने. एक काम करायला ठरावीक सायकल लागतात. क्लॉक, म्हणजे ही फ्रीक्वेन्सी, निम्मा केला की पॉवर निम्मी होते आणि वेळ दुप्पट, एनर्जी तेवढीच. उलट दुप्पट वेळ जागं राहिल्यामुळे गळती, ऑसिलेटर, मेमरी यांचा खर्च वाढतो. व्होल्टेज मात्र वर्गात आहे. १ व्होल्टवरून ०.७ वर आलास तर त्याच कामाला निम्म्याहून किंचित कमी एनर्जी लागते. म्हणून फोनच्या प्रोसेसरमध्ये फ्रीक्वेन्सी आणि व्होल्टेज जोडीने खाली आणतात. नुसता क्लॉक कमी करून मायक्रोकंट्रोलरमध्ये (तुझ्या ईएसपी३२ सारख्या, मेमरीसकट एकाच चिपवरच्या छोट्या प्रोसेसरमध्ये) बॅटरी वाचवली असं कोणी म्हणालं, तर व्होल्टेजचं काय केलं ते विचार.

याला एक अपवाद आहे आणि तो तुझ्याच यंत्रात आहे. वाय-फाय जुळण्याची वाट पाहताना प्रोसेसर २४० मेगाहर्ट्झवर ठेवून काहीच लवकर होत नाही, कारण राउटर त्याच्या वेळेनेच उत्तर देणार. तिथे ८० वर आण. काम आपल्या हातात असेल तर भरभर उरकून झोपायचं, दुसऱ्यावर अडलेलं असेल तर सावकाश वाट बघायची.

व्होल्टेज मग खालीच का आणत गेलो नाही? बरीच वर्षं आणलंच. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेतली पॉवर वाढत नाही. त्या जोरावर तीस वर्षं क्लॉक चढत राहिला. २००५ च्या सुमारास हे थांबलं. व्होल्टेज आणखी उतरवायचं तर ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड (ज्या व्होल्टेजला तो चालू होतो ते) उतरवावा लागतो, आणि थ्रेशोल्ड उतरला की बंद ट्रान्झिस्टरही गळायला लागतो. इंटेलने २००४ मध्ये पेंटियम-४ च्या पुढची चिप उष्णतेपायी सोडून दिली ती याच वळणावर. एका कोअरला पळवण्याऐवजी अनेक कोअर आले, आणि वापरात नसलेला भाग सरळ बंद करून टाकायची पद्धत आली. तुझ्या फोनमधले आठ कोअर ही त्या अडचणीची संतती आहे.

आता कपॅसिटन्सकडे, म्हणजे वीज नक्की कुठे हलते तिकडे. स्टॅनफर्डच्या मार्क हॉरोविट्झने २०१४ मध्ये ४५ नॅनोमीटर तंत्राचे आकडे मांडले, ते मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पाठ करायला लावतो. ३२ बिटच्या दोन पूर्णांकांची बेरीज: ०.१ पिकोज्यूल. ८ केबीच्या कॅशमधून (प्रोसेसरशेजारच्या छोट्या मेमरीतून) एक वाचन: १० पिकोज्यूल. चिपबाहेरच्या मोठ्या मेमरीतून, म्हणजे डीरॅममधून: १३०० ते २६००. म्हणजे बेरीज घरच्या ओट्यावर आणि आकडा आणायला दर वेळी अहमदाबादला हेलपाटा. त्याच यादीतला आणखी एक आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: साधी सूचना (प्रोसेसरला दिलेली एक आज्ञा) मेमरीतून आणणं, उलगडणं, रजिस्टर वाचणं, नियंत्रण, हे सगळं मिळून सुमारे ७० पिकोज्यूल. ०.१ पिकोज्यूलच्या बेरजेसाठी ७० चा बोजा! पुढचं जवळजवळ सगळं या दोन आकड्यांतून निघतं.

मायक्रोकंट्रोलर काटकसरी का, तर त्याची मेमरी चिपवरच असते आणि डीरॅमकडे जायचा प्रसंगच येत नाही. आर्मने १९९० च्या दशकात ३२ बिटच्या सूचनांसोबत १६ बिटच्या थंब सूचना आणल्या, कारण प्रोग्रॅम लहान झाला की तेवढ्याच कामाला मेमरीतून कमी बिट ओढावे लागतात. नोकियाच्या ६११० मध्ये हाच थंबवाला एआरएम७ होता. आर्मच्या छोट्या कॉर्टेक्स-एम० प्लस कोअरमध्ये पाइपलाइन (सूचना ज्या टप्प्यांतून जाते ती रांग) दोनच टप्प्यांची ठेवली आहे. टप्पे कमी म्हणजे सूचना आगाऊ आणून फेकून द्यायचे प्रसंग कमी. आणि डीएमए (आकडे परस्पर मेमरीत नेणारं सर्किट) वापर म्हणून मी जो घोष लावतो तोही याचसाठी: सेन्सरचे आकडे मेमरीत ठेवायला प्रोसेसरला उठवायचं कारण नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न: आर्म की रिस्क-फाइव्ह? ही दोन्ही सूचनासंचांची, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांच्या याद्यांची, नावं आहेत, आणि नुसत्या सूचनासंचावरून बॅटरीचा अंदाज बांधता येत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये आर्म आणि एक्स८६ (इंटेलचा सूचनासंच) चे प्रोसेसर बारकाईने मोजले आणि निष्कर्ष काढला की फरक पडतो तो आतल्या रचनेमुळे, सूचना रिस्क (साध्या सूचनांच्या) घराण्याची की सिस्क (गुंतागुंतीच्या सूचनांच्या) घराण्याची यामुळे नाही. तुला हातात धरून बघायचं असेल तर ईएसपी३२ आणि ईएसपी३२-सी३ शेजारी ठेव. पहिल्यात एक्सटेन्सा या वेगळ्या सूचनासंचाचा कोअर, दुसऱ्यात रिस्क-फाइव्ह, कंपनी एकच. झोपेत सी३ चे ५ मायक्रोअँप, जुन्याचे १०. पण पाठवताना दोघंही काहीशे मिलिअँपचे झटके मारतात, कारण तिथे रेडिओ खातो. तुझ्या यंत्रात भोवतालची मंडळी आवरली की तेच तर मोठं दुखणं उरतं.

आर्मचं नाव बॅटरीशी जोडलं गेलं त्याची गोष्ट सांगायला मला आवडते. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पहिला आर्म केला, तो २६ एप्रिल १९८५ ला हातात आला. तो टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी होता. सिरॅमिकचं महाग पॅकेज परवडणारं नव्हतं म्हणून प्लॅस्टिकमध्ये बसेल इतकी कमी उष्णता हवी होती, एवढंच. फर्बरने करंट मोजायला मीटर लावला तर शून्य. चिप मात्र चालू! मग लक्षात आलं की वीज जोडलेलीच नाही, आणि चिप इनपुटच्या पायांतून झिरपणाऱ्या विजेवर चाललीय. आजही तुझ्या बोर्डावर हेच घडू शकतं: सेन्सरची वीज तोडलीस पण त्याचा ट्रिगर पाय हायवर ठेवलास, तर तो त्या पायातून जेवत राहतो. झोपण्याआधी ते पाय लो कर.

फोनचं आता भरभर सांगतो, कारण तत्त्व तेच आहे. आठ कोअर एकसारखे नसतात. आर्मने ऑक्टोबर २०११ मध्ये बिग-लिटल नावाची मांडणी जाहीर केली: कॉर्टेक्स-ए१५ मोठा आणि ए७ छोटा, दोघांना सूचना एकच कळतात, पण मोठा सूचनांचा क्रम उलटसुलट करून एकदम अनेक चालवतो आणि छोटा रांगेने चालतो. २०१३ च्या सॅमसंगच्या पहिल्या आठ कोअरच्या चिपमध्ये एका वेळी चार मोठे किंवा चार छोटेच चालत. आठ कोअरची जाहिरात त्या मानाने फारच जोरात होती. पुढे कोणतं काम कोणत्या कोअरला द्यायचं हे एनर्जीचा हिशेब करून ठरवायची सोय लिनक्सच्या ५.० आवृत्तीत, २०१९ मध्ये आली. व्हॉट्सअ‍ॅप पार्श्वभूमीला निरोप घेतं ते छोट्या कोअरवर. तू स्क्रीनला बोट लावलंस की मोठा कोअर क्षणभर उठतो, काम संपवतो, बंद होतो.

पण खरी बचत सीपीयूच्या बाहेर आहे. ७० पिकोज्यूलचा बोजा आठव. व्हिडिओ उलगडायला वेगळं सर्किट असतं, त्याला दर बेरजेला सूचना आणावी लागत नाही. म्हणून फोनवर तासभर मॅच बघितली तरी तो कोमटच राहतो. तोच व्हिडिओ ज्या पद्धतीचं सर्किट फोनमध्ये नाही अशा पद्धतीने आला, तर सगळं सीपीयूवर येतं आणि पाठ गरम होते. पावलं मोजायलाही वेगळा छोटा प्रोसेसर: ॲपलने २०१३ मध्ये आयफोन ५एसमध्ये दिलेला एम७ आतून कॉर्टेक्स-एम३ होता. म्हणजे तुझ्या टाकीवर शोभेल अशाच जातीचा. आणि फोन दिवसभर चालतो म्हणजे काय, तर रोज रात्री चार्ज करतोस म्हणून चालतो. टाकीवर रोज कोण चढणार?

मग कोअर निवडायचा कसा? कामाकडे बघून. पातळी मोजायला एम० प्लस भरपूर झाला. आमच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कामांत मोटरच्या बेअरिंगची थरथर मोजणारे नोड असतात, तिथे मात्र एफएफटी (थरथरीतल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या काढायचं गणित) करावी लागते. एम० प्लसला दशांश चिन्हाचं गणित हार्डवेअरमध्ये येत नाही, तो ते सॉफ्टवेअरने करत बसतो. एम४ दर सेकंदाला जास्त खातो, पण त्याच्याकडे फ्लोटिंग पॉइंट (तेच दशांशाचं गणित) आणि डीएसपीच्या, म्हणजे सिग्नलवरच्या गणिताच्या, सूचना आहेत. तो कितीतरी आधी संपवून झोपतो आणि एकूण एनर्जी कमी लागते. त्याहून मोठी बचत पुढे होते: हजारो नमुने रेडिओवरून पाठवण्याऐवजी तो पाचसहा आकडे पाठवतो. गणित स्वस्त आणि रेडिओ महाग, तेव्हा जागेवरच जास्त गणित करून कमी बोलणारं यंत्र जिंकतं. मोठा प्रोसेसर लावून बॅटरी वाचते हे गिऱ्हाइकाला पटवताना नाकीनऊ येतात, पण मोजून दाखवलं की पटतं.

तुझ्या टाकीसाठी पुढची पायरी कधी घ्यायचीच असेल तर वाय-फाय सोड आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या लोराकडे (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणाऱ्या रेडिओकडे) जा. वॉचमनच्या केबिनमध्ये मेनच्या विजेवर चालणारा रिसीव्हर, वर एसटीएम३२डब्ल्यूएलसारखी चिप, ज्यात कॉर्टेक्स-एम४ आणि लोराचा रेडिओ एकत्र आहेत. मोजायला शंभर मिलिसेकंद, पाठवायला साठ मिलिसेकंद आणि त्या वेळी शंभरेक मिलिअँप धरले, तर सरासरी ३० मायक्रोअँपच्या आसपास येते. कागदावर तोच सेल नऊ-दहा वर्षं. प्रत्यक्षात तोवर सेलच म्हातारा होईल.

गच्चीवरच्या उन्हाची गोष्ट राहिली, आणि ती बडोद्यात विसरून चालणार नाही. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा झोपेतला करंट २५ अंशांचा असतो. मे महिन्यात हवाच ४२-४३ अंशांवर जाते आणि गच्चीवरचा बंद डबा सहज ६० च्या पुढे. गळती तापमानाबरोबर झपाट्याने चढते. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, असा ढोबळ नियम आहे, म्हणजे तुझ्या एका मायक्रोअँपचे दहा-बारा व्हायला वेळ लागत नाही. डेटाशीटच्या आतल्या पानांवर ८५ अंशांचा रकाना असतो, तो बघ. बऱ्याच १८६५० सेलची डिस्चार्जची मर्यादाही ६० अंशच असते. डबा पांढरा घे, टाकीच्या सावलीत उत्तरेच्या बाजूला लाव, आणि सेल वरच्या झाकणाला चिकटवू नकोस.

मायक्रोअँपच्या पातळीवर आलास की रेझिस्टरही शत्रू होतात. सेलचं व्होल्टेज मोजायला तू १०० के-१०० के (के म्हणजे हजार ओहम) चा डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज निम्मं करणारी रेझिस्टरची जोडी, लावला असशील, तो ४.२ व्होल्टवर कायम २१ मायक्रोअँप घेतो, झोपलेल्या चिपच्या दुप्पट. १० के चा पुल-अप (पाय हायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावलेला पाय लो राहिला तर ३३० मायक्रोअँप.

हे सगळं मोजायला साधा मल्टिमीटर फसवतो. मायक्रोअँपच्या रेंजवर त्याचा आतला रेझिस्टन्स इतका असतो की बोर्ड जागा होताना व्होल्टेज पडतं आणि चिप रीसेट होते. नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट (बारीक करंट मोजणारं यंत्र) कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर माग. नसेल तर ही युक्ती कर: बोर्डाला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लाव, बोर्ड झोपला की सेल काढ आणि व्होल्टेज अर्धा व्होल्ट उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघ. ५० सेकंद लागले तर १० मायक्रोअँप. पाच सेकंद लागले तर कुठेतरी शंभर जातायत. मीटर सतत लावून ठेवू नकोस, मध्ये मध्ये टेकव, आणि कपॅसिटरची स्वतःची गळती आधी रिकामी मोजून वजा कर.

रिस्क-फाइव्ह शिकायचं असेल तर जरूर शीक, पण कारण बॅटरीचं देऊ नकोस. बर्कलीत २०१० मध्ये सुरू झालेला हा सूचनासंच खुला आहे, परवान्याचे पैसे नाहीत, आणि हवी ती सूचना स्वतः जोडून कोअर बनवता येतो. आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे याच वाटेवरचे. सी-डॅकच्या तेजस३२ चिपचे एरीज नावाचे बोर्डही निघालेत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एफपीजीएवर (आतली जोडणी आपल्याला हवी तशी करता येणाऱ्या चिपवर) एक छोटा रिस्क-फाइव्ह कोअर घाल, त्यात एफएफटीसाठी एक सूचना स्वतःची जोड आणि सूचनेशिवाय व सूचनेसह किती सायकल लागतात ते मोज. टाकीवर मात्र आधी तो १११७ काढ.